वाचकांचे प्रश्न : ऑलिगोला अमिनो आम्ल जोडताना

गेल्या अंकात कृत्रिम डीएनएचे छोटे धागे, म्हणजेच प्रयोगशाळेत ज्यांना नुसते ‘ऑलिगो’ म्हणतात ते, यंत्रावर कसे तयार होतात याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे अशा धाग्यांना अमिनो आम्ल जोडण्यासंबंधी असल्याने या वेळचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पहिल्या पत्राला सर्वांत अधिक जागा दिली आहे, कारण त्यात एक फसलेला प्रयोग सर्व तपशिलांसह लिहून पाठवलेला आहे, आणि असे प्रामाणिक पत्र क्वचितच येते.

प्रश्न : मी नवी मुंबईतील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आम्ही २० न्यूक्लिओटाइडांचा डीएनए मागवला. त्याच्या ५ प्राइम टोकाला (धाग्याच्या दोन टोकांपैकी एक, दुसरे ३ प्राइम) सहा कार्बनांची साखळी आणि तिच्या शेवटी अमिनो गट आहे. त्याला अ‍ॅलनिन जोडण्यासाठी एफमॉक-अ‍ॅलनिनचा एनएचएस एस्टर (म्हणजे स्वतःचा अमिनो गट एफमॉक या संरक्षक गटाने झाकलेले आणि दुसऱ्या अमिनो गटाशी जोडले जाण्यासाठी सक्रिय केलेले रूप) घेतला, डीएनए १०० मायक्रोलिटर ट्रिस बफरमध्ये (५० मिलिमोलर, पीएच ८) विरघळवला आणि एस्टर ५० पट टाकला. रात्रभर ठेवूनही मास स्पेक्ट्रममध्ये मूळ डीएनएच दिसला. जुलैमध्ये दोनदा हाच प्रयोग केला आणि दोन्ही वेळा हेच झाले. डीएनए १० नॅनोमोल होता. आमचे काय चुकले? (ऐरोली)

उत्तर : आपण सर्व आकडे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दोष आपल्या हातांचा नसून बफरचा आहे, आणि हा बफर जीवशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत मांडणीवर तयार असल्यामुळे ही चूक फार जणांकडून होते.

ट्रिस हा स्वतःच एक प्राथमिक अमाइन आहे. एनएचएस एस्टरला अमिनो गट हवा असतो. तो गट आपल्या ऑलिगोच्या टोकावरचा आहे की बफरमधला, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नाही. आता हिशेब पाहा. १० नॅनोमोल डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये म्हणजे ०.१ मिलिमोलर. ट्रिस ५० मिलिमोलर. म्हणजे डीएनएच्या प्रत्येक रेणूमागे ट्रिसचे ५०० रेणू. आपण एस्टर ५० पट घातला, म्हणजे तोही ट्रिसच्या मानाने एक दशांशच आहे. सकाळी ठाण्याहून वाशीकडे निघणाऱ्या लोकलमध्ये ५० जागा आणि फलाटावर ५०० माणसे असावीत, आणि आपला एकच पाहुणा त्या गर्दीच्या मागे उभा असावा, अशी ही स्थिती आहे.

त्यात आणखी एक भर आहे, जी सहसा लक्षात येत नाही. अमिनो गटाने एस्टरवर हल्ला करायचा तर त्याच्यावर प्रोटॉन बसलेला नसावा लागतो. ट्रिसचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा, सुमारे ८.१ आहे, तर सहा कार्बनी साखळीच्या टोकावरील साध्या अमाइनचा पीकेए १०च्या आसपास असतो. त्यामुळे पीएच ८ला ट्रिसचे जवळजवळ निम्मे रेणू मोकळे असतात आणि आपल्या ऑलिगोचे अमिनो गट मात्र शंभरात जेमतेम एक. ट्रिसचा अमिनो गट अवतीभोवतीच्या तीन हायड्रॉक्सिमिथिल गटांमुळे काहीसा दाबलेला असतो हे खरे, पण संख्येतील इतकी तफावत त्याने भरून निघत नाही.

पीएच वाढवला की ऑलिगोचे अमिनो गट अधिक मोकळे होतात. पीएच ९ला दहात एक इतके. मात्र तसतसा पाण्यामुळे एस्टरही वेगाने तुटतो. पीएच ७ आणि शून्य अंश सेल्सियसला एनएचएस एस्टरचे अर्धायुष्य चार-पाच तासांचे असते, तर पीएच ८.६ला, ४ अंशांवरदेखील, ते दहा मिनिटांवर येते. म्हणून रात्रभर ठेवण्याने काहीही साधत नाही. जे व्हायचे ते पहिल्या तासा-दोन तासांतच होते आणि उरलेल्या रात्रीत फक्त बफर जागा असतो. व्यवहारात ८.५ ते ९ या पट्ट्यातला बोरेट किंवा बायकार्बोनेट बफर घ्यावा, एस्टर ५० ते १०० पट घ्यावा, आणि तो एकदम न घालता तासातासाने तीन हप्त्यांत घालावा. एफमॉक-अ‍ॅलनिनचा एस्टर पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे तो कोरड्या डीएमएसओ किंवा डीएमएफमध्ये विरघळवून घालावा आणि एकूण मिश्रणात या द्रावकाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास ठेवावा. तळाशी पांढरा गाळ दिसला तर एस्टर द्रावणातून बाहेर पडला आहे असे समजावे.

जुलैचा उल्लेख आपण सहज केला असेल, परंतु मला तो महत्त्वाचा वाटला. खाडीलगतच्या आपल्या हवेत पावसाळ्यात उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेली बाटली लगेच उघडली तर आतल्या पावडरीवर क्षणात दव धरते, आणि सक्रिय एस्टरला तेवढे पाणी पुरते. बाटली बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. एक मोठी बाटली वारंवार उघडण्याऐवजी सुरुवातीलाच छोट्या कुप्यांत वाटून, सिलिका जेलसह ठेवलेली बरी.

बफर बदलूनही जोडणी झाली नाही तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे अमोनियम. ऑलिगो यंत्रावरून उतरवताना संहत अमोनिया वापरलेला असतो, आणि नुसते मीठ काढून पाठवलेल्या ऑलिगोच्या फॉस्फेटांना बिलगून अमोनियम आयन शिल्लक राहतात. तेही एस्टर खातात. सोडियम अ‍ॅसिटेट आणि इथेनॉल वापरून डीएनए एकदा अवक्षेपित करून घेतला की अमोनियमच्या जागी सोडियम येतो. दुसरी गोष्ट अधिक खोडकर आहे. संश्लेषणाच्या काळात फॉस्फेटांवर सायनोइथिल नावाचे संरक्षक गट असतात, आणि ते निघताना अ‍ॅक्रिलोनायट्राइल तयार होते, जे मोकळ्या अमिनो गटाला चिकटून तो कायमचा निकामी करू शकते. त्यासाठी अमोनियाच्या आधी डायइथिलअमाइनने कॉलम धुण्याची पद्धत आहे. आपल्याकडे आलेल्या मूळ ऑलिगोचे वस्तुमान अपेक्षेपेक्षा ५३ डाल्टनने जास्त दिसत असेल, तर ही पायरी गाळली गेली आहे असे समजून पुरवठादाराशी बोलावे. अशा ऑलिगोवर कितीही चांगला बफर वाया जाईल.

जोडणी झाल्याचे कसे ओळखाल, हेही सांगतो. एफमॉक-अ‍ॅलनिन बसले की वस्तुमान २९३ डाल्टनने वाढते आणि उलट-टप्पा एचपीएलसीवर (तेलकट रेणूंना जास्त वेळ धरून ठेवणाऱ्या कॉलमवर) शिखर स्पष्टपणे उशिरा येते, कारण एफमॉक तेलकट स्वभावाचा गट आहे. नंतर १० टक्के पिपेरिडिनने, खोलीच्या तापमानाला, एफमॉक काढला की शिखर पुन्हा जवळपास जुन्या जागी परतते आणि वस्तुमानातील वाढ ७१ डाल्टन इतकीच उरते. ६ हजारांहून अधिक डाल्टनच्या रेणूत ७१ म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, त्यामुळे अगारोज जेलवर हा फरक शोधण्यात वेळ घालवू नये. पिपेरिडिनचे दोन पथ्य पाळावे लागतात. ते तापवू नये, कारण १९७७ साली मॅक्सम आणि गिल्बर्ट यांनी डीएनएचा अनुक्रम वाचण्याची जी पद्धत काढली तिच्यात इजा झालेल्या जागी धागा तोडण्याचे काम ९० अंशांवरचे पिपेरिडिनच करत असे. शिवाय पुढचे अमिनो आम्ल जोडायचे असेल तर पिपेरिडिन पूर्णपणे काढून टाकावे, कारण तेही अमाइनच आहे आणि आपण पुन्हा ट्रिसच्या जागी येऊन पोहोचाल.

डीएनएच्या अ‍ॅडेनिन, ग्वानिन आणि सायटोसिन या बेसांवरही अमिनो गट आहेत, मग एस्टर त्यांना का जोडला जात नाही, असे आपल्या मनात आले असेल. त्या गटांची इलेक्ट्रॉन-जोडी वलयात ओढली गेलेली असते, त्यामुळे या परिस्थितीत ते एस्टरकडे जवळपास ढुंकूनही पाहत नाहीत. याच कारणाने साखळीच्या टोकावरचा एकुलता एक अमिनो गट आपल्याला नेमका साधता येतो.

प्रश्न : बारावीला शिकवताना आम्ही सांगतो की टी-आरएनए आपल्या ३ प्राइम टोकावर अमिनो आम्ल वाहून नेतो. मग कृत्रिम धाग्यालाही त्याच टोकावर, त्याच पद्धतीने अमिनो आम्ल का जोडत नाहीत? वेगळी साखळी लावण्याचा खटाटोप कशासाठी? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : निसर्गातील बंध एस्टरचा आहे आणि वरच्या पत्रातला बंध अमाइडचा. या एका फरकात आपल्या प्रश्नाचे बहुतेक उत्तर आले. टी-आरएनएच्या शेवटी सी-सी-ए हा क्रम असतो आणि त्यातील अखेरच्या अ‍ॅडेनोसिनच्या शर्करेवर २ प्राइम व ३ प्राइम असे दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी असतात. अमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट त्यांपैकी एकावर एस्टर बनवतो आणि दोघांच्या दरम्यान इकडून तिकडे सरकतही राहतो. हा बंध मुद्दामच कच्चा आहे. रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेत, पोहोचल्यावर अमिनो आम्ल चटकन सुटून पेप्टाइडाच्या साखळीत जायला हवे, आणि पेशीत ते काम काही क्षणांत होते. प्रयोगशाळेच्या कुपीत मात्र सामान्य पीएच आणि ३७ अंशांवर हाच एस्टर काही मिनिटांपासून काही तासांत विरून जातो, आणि कृत्रिम संश्लेषणाच्या शेवटी येणाऱ्या अमोनियाच्या स्नानात तर तो टिकण्याचा प्रश्नच नाही. डीएनएच्या शर्करेला २ प्राइम हायड्रॉक्सिलही नसतो. टिकाऊ वस्तू हवी असेल तर अमाइडच हवा, आणि अमाइडसाठी धाग्यावर अमिनो गट लावावा लागतो.

तरीही टी-आरएनएवर रसायनाने अमिनो आम्ल बसवण्याचा ध्यास काही जणांनी घेतला, कारण निसर्गाची विकरे ठराविक २० अमिनो आम्लांपलीकडचे काही सहसा स्वीकारत नाहीत. अख्ख्या टी-आरएनएवर सक्रिय अमिनो आम्ल ओतले तर ७०-८० न्यूक्लिओटाइडांच्या धाग्यावरच्या कोणत्याही हायड्रॉक्सिलवर ते बसू शकते. त्यावर सिडनी हेक्ट यांच्या गटाने १९७८पासून जी वाट काढली ती आजही विद्यार्थ्यांना अभ्यासण्यासारखी आहे. शेवटच्या दोनच न्यूक्लिओटाइडांचा छोटा तुकडा वेगळा घ्यायचा, संरक्षक गट लावून त्यावर अमिनो आम्ल बसवायचे, आणि मग तो तुकडा शेपूट कापलेल्या टी-आरएनएला टी-फोर आरएनए लायगेज या विकराने जोडायचा. १९८९ साली पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने याच मार्गाने प्रथिनात ठरवलेल्या जागी अनैसर्गिक अमिनो आम्ल घालून दाखवले. पुढे जपानमध्ये हिरोआकी सुगा यांनी ‘फ्लेक्सिझाइम’ नावाचे, सुमारे ४५ न्यूक्लिओटाइडांचे आरएनए-विकर विकसित केले. ते टी-आरएनएचे टोक धरते आणि सक्रिय केलेले जवळजवळ कोणतेही अमिनो आम्ल नेमके तेथेच बसवते.

वर्गात सांगण्यासाठी मी आपल्याला १९६२ सालचा एक प्रयोग सुचवीन. शापव्हिल, लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीन वाहणारा टी-आरएनए घेतला आणि रॅने निकेलच्या साहाय्याने, टी-आरएनएला धक्का न लावता, त्यावरच्या सिस्टीनमधील गंधक काढून त्याचे अ‍ॅलनिन केले. रायबोसोमने हे अ‍ॅलनिन बिनदिक्कतपणे सिस्टीनच्या जागी बसवले. म्हणजे ओझे काय आहे हे कोणी पाहत नाही, हमालाचा बिल्ला तेवढा पाहिला जातो. क्रिक यांनी १९५५मध्ये मांडलेली ‘अ‍ॅडॉप्टर’ची कल्पना, म्हणजे संकेत आणि अमिनो आम्ल यांच्यामध्ये एक मध्यस्थ रेणू असतो ही, मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येईल असे मला वाटत नाही. हरगोविंद खोराना यांचे नाव आपण जनुकीय संकेताच्या धड्यात घेताच. त्यांच्या गटाने १९७०मध्ये जे पहिले जनुक रसायनाने पूर्णपणे घडवले, ते यीस्टच्या अ‍ॅलनिन टी-आरएनएचेच होते.

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी ३१ वर्षे रेझिन विभागात काम केले. आपण लिहिले होते की डीएनए काचेच्या मण्यांवर वाढवतात आणि पेप्टाइडही मण्यांवरच वाढवतात. मग दोन्ही एकाच मण्यावर एकामागून एक वाढवले म्हणजे झाले! वेगवेगळे करून पुन्हा जोडण्यात उत्पादन घटत नाही का? (ठाणे पश्चिम)

उत्तर : कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, आणि अर्थकारणाच्या दृष्टीने तो अगदी रास्त आहे. मेरिफिल्ड यांनी १९६३ साली पेप्टाइडांसाठी मण्यांची पद्धत आणली आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी कॅरुदर्स यांच्या फॉस्फोरामिडाइट रसायनाने डीएनएला तीच सोय करून दिली. दोन्हींचा सांगाडा एकच आहे, पण दोघांचे पथ्यपाणी एकमेकांच्या विरुद्ध आहे.

पेप्टाइडाच्या नेहमीच्या पद्धतीत अखेरीस बाजूच्या साखळ्यांवरील संरक्षक गट काढण्यासाठी ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल तासन्‌तास लावावे लागते. डीएनएला आम्ल सोसत नाही. अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन शर्करेपासून गळून पडतात आणि पुढे धागाच तुटतो. डीएनएच्या यंत्रातही प्रत्येक फेरीत डीएमटी नावाचा गट काढायला ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरतात, पण ते सौम्य असते आणि थोडाच वेळ ठेवतात. (त्या क्षणी कॉलममधून जो गर्द नारिंगी रंग वाहतो, त्यावरून फेरी किती यशस्वी झाली हे मोजता येते. आपल्यासारख्यांना तो पाहायला आवडेल.) उलट बाजूने पाहिले तर डीएनएच्या प्रत्येक फेरीत ऑक्सिडीकरणासाठी येणारे आयोडीन मिथिओनिन, सिस्टीन आणि ट्रिप्टोफॅन यांना इजा करते. म्हणजे आधी कोणाला वाढवावे हा पेच उरतोच. सौम्य संरक्षक गट निवडून दोन्ही एकाच मण्यावर करणारे रसायनतज्ज्ञ आहेत, परंतु तसे दर वेळी करावे असे मी कोणाला सुचवणार नाही. दोन-तीन अमिनो आम्लांसाठी ते ठीक, पंधरा-वीससाठी नाही.

उत्पादनाचा हिशेब आपणच करून पाहावा. २० न्यूक्लिओटाइडांसाठी १९ जोडण्या लागतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तर शेवटी सुमारे ८३ टक्के धागे पूर्ण लांबीचे मिळतात, आणि ९८ टक्के झाली तर फक्त ६८. त्याच मण्यावर पेप्टाइडाच्या आणखी पंधरा पायऱ्या चढवल्या की ही गळती पुढे चालू राहते, आणि शेवटी हाती येणाऱ्या मिश्रणात अर्धवट डीएनए, अर्धवट पेप्टाइड आणि दोन्ही अर्धवट, असे इतके प्रकार असतात की शुद्धीकरण करणाऱ्याने डोके धरून बसावे. दोन्ही वेगवेगळे करून, वेगवेगळे शुद्ध करून, एकाच चांगल्या अभिक्रियेने जोडणे बहुधा स्वस्त पडते.

ती अभिक्रिया कोणती हे पेप्टाइडात काय आहे यावर ठरते. पेप्टाइडात एकच सिस्टीन असेल तर ऑलिगोवर मॅलिमाइड लावून पीएच ७च्या आसपास त्याच्या थायोलशी (गंधकयुक्त गटाशी) जोडतात. पेप्टाइडात लायसिनची गर्दी असेल तर एनएचएस एस्टर टाळून अझाइड आणि अल्काइन यांची ‘क्लिक’ जोडणी बरी, जिच्यासाठी २०२२चे रसायनशास्त्राचे नोबेल बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना मिळाले. तांबे वापरत असाल तर त्याला बांधून ठेवणारा लिगँड सोबत घालावा, एरवी तांब्यामुळे तयार होणारी मूलके डीएनए चावतात. लायसिन आणि आर्जिनिन भरपूर असलेली पेप्टाइडे धनभारित असल्यामुळे ऋणभारित डीएनएशी जोडण्याआधीच गळाभेट घेऊन दह्यासारखी थिजतात. तेव्हा जास्त मीठ, युरिया किंवा फॉर्मामाइड घालून त्यांना मोकळे ठेवावे लागते. रेझिन विभागातील आपल्या अनुभवामुळे, थिजलेल्या मालातून काही निघत नाही, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको.

प्रश्न : या सगळ्याचा उपयोग काय? आणि असे रेणू शरीरात गेले तर आपली जनुके बदलतील का? (खारघर)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. नाही. टोकाला अमिनो आम्ल किंवा पेप्टाइड लावलेला २० न्यूक्लिओटाइडांचा छोटा धागा गुणसूत्रात लिहिला जावा म्हणून घडवलेला नसतो. औषध म्हणून तो दिला तर पेशीतील एखाद्या आरएनएला चिकटून त्याचे काम रोखणे किंवा वळवणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्याची खरी अडचण उलट आहे, ती म्हणजे तो पेशीच्या आत शिरायलाच तयार नसतो. धनभारित पेप्टाइड जोडण्यामागे तेच एक मोठे कारण आहे.

दुसरा उपयोग औषधे शोधण्याचा. १९९२ साली ब्रेनर आणि लर्नर यांनी कल्पना मांडली की रसायनाची प्रत्येक पायरी करताना तिची खूण म्हणून डीएनएचा एक तुकडाही जोडत जावे. अ‍ॅलनिन लावले की एक अक्षरक्रम, ग्लायसिन लावले की दुसरा. शेवटी लाखो संयुगे एकाच कुपीत असली तरी ज्या संयुगाने प्रथिन पकडले त्याच्या डीएनएचा क्रम वाचून ते कोणते हे कळते. त्या पद्धतीत अमिनो आम्ल डीएनएवर बसवण्याची अभिक्रिया दिवसभर, हजारो वेळा करावी लागते, आणि पहिल्या पत्रातील विद्यार्थिनीची अडचण तेथेही तशीच्या तशी भेटते.

तिसरा उपयोग नसून कुतूहल आहे. विकरे निर्माण होण्याआधी आरएनएला अमिनो आम्ल कोणी जोडले असेल? म्युनिकमध्ये थॉमस करेल यांच्या गटाने २०२२मध्ये आरएनएच्या बेसांवरच पेप्टाइड वाढू शकते असे दाखवले. लंडनमध्ये मॅथ्यू पाउनर यांच्या गटाने २०२५मध्ये अमिनो आम्लांचे थायोएस्टर साध्या पाण्यात, तटस्थ पीएचला, आरएनएवर जाऊन बसतात असे दाखवले. धागा दुहेरी असेल तर ते टोकावरच्या त्या जोड-हायड्रॉक्सिलचीच निवड करतात, म्हणजे नौपाड्याच्या शिक्षकांनी विचारलेल्या नेमक्या त्याच जागेची.